आतड्याचा कर्करोग: चिठ्ठीवर वजन लिहा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण रत्नागिरी-सिंधुदुर्गातून उपचाराला मुंबईत परळला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जातात, तेव्हा पिशवीत बायोप्सी असते, सीटी स्कॅन असतो. सहा महिन्यांपूर्वी वजन किती होते, ते मात्र कुठेच लिहिलेले नसते. कुपोषणाचा धोका ओळखायचा तो नेमका त्याच आकड्यावरून.

घटलेले किलो भागिले आधीचे वजन, गुणिले शंभर. तीन ते सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त घट असेल तर सावध व्हावे. 10 टक्क्यांच्या वर गेली तर कुपोषणाचा धोका मोजणाऱ्या 'मस्ट' चाचणीत तेवढ्यावरच 2 गुण पडतात, म्हणजे मोठा धोका. 155 सेंटीमीटर उंचीच्या बाईचे वजन 78 वरून 69 किलोवर आले, तर घट साडेअकरा टक्के होते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तरीही 28 च्या पुढेच, म्हणजे जास्तच, त्यामुळे शेजारीपाजारी 'बरी बारीक झालीस' म्हणतात! चरबी तशीच राहून स्नायू झडतात आणि शस्त्रक्रिया, केमो सोसायला स्नायूच लागतात. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, कानशिलाशी खळगे पडले, अंगठा आणि तर्जनीमधला फुगवटा बसला, की समजावे. पायांना सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरूनही पोषण ठरवू नये. ते शरीरातल्या दाहानेच उतरते.

मग विचारावे, पूर्वीच्या मानाने आता किती जेवता? आठवडाभर निम्म्यावर असेल, तर वजन टिकून असले तरी आहारतज्ज्ञाला दाखवावे. आतडे अरुंद झाले की जेवल्यावर कळा येतात, म्हणून माणूस आपणहून घास कमी करतो. त्यात घरचे 'पथ्य' म्हणून मासळी बंद करून पेजेवर ठेवतात. वाटीभर पेजेत तांदूळ 30 ग्रॅम, प्रथिने जेमतेम 2 ग्रॅम. साठ किलोच्या रुग्णाला रोज 60 ते 90 ग्रॅम लागतात. पेज जरूर द्या, पण सोबत अंडे (6 ग्रॅम), उकडलेला बांगडा (शंभर ग्रॅम मांसात सुमारे 20), दही द्या. आतडे अरुंद असेल तर चोथ्याचे काय चालेल ते सर्जनला विचारावे.

लहान आतड्याचे तोंड पोटावर काढलेले असेल आणि पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर पडत असेल, तर शहाळी आणि साधे पाणी भरपूर पाजणे उलटते: त्यांत मीठ कमी, म्हणून शरीरातले मीठ आणखी वाहून जाते. अशा वेळी ओआरएस द्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. दोन दिवसांत दोन किलो उतरले, तर ते पाणी गेलेले असते.

कुपोषण तीव्र असेल तर शस्त्रक्रियेआधी 7 ते 14 दिवस पोषण देतात, प्रसंगी शस्त्रक्रिया पुढे ढकलूनही. नातेवाइकांना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. तसे नाही, आणि हे त्यांना समजावून सांगणारे कुणीतरी हवे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांना आमची कळकळीची विनंती आहे: पुढे पाठवताना चिठ्ठीवर उंची, आजचे वजन, सहा महिन्यांपूर्वीचे वजन लिहा. जुने वजन आठवत नसेल तर बीपी-शुगरच्या जुन्या कागदांवर शोधा, बहुधा सापडते. केमोच्या प्रत्येक फेरीआधी पुन्हा, त्याच काट्यावर.

आपले,
आहारतज्ज्ञ व परिचारिका, सिंधुदुर्ग