नाट्यशिबिराची फी नको, पोरांना रोज द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की वर्तमानपत्रांतून उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणं, स्केटिंग, वैदिक गणित आणि त्यांच्याच रांगेत ‘अभिनय व व्यक्तिमत्त्व विकास’. मी दिवसा मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो आणि संध्याकाळी, कुणी बोलावलं तर, नाटकांची प्रकाशयोजना करतो. हौशी नाटकं, एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा असं तीस वर्षं चाललं आहे. या शिबिरांबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती लिहितो.

गेल्या मे महिन्यात आपल्या कोल्हापुरातल्या एका शिबिराच्या समारोपाला लाइट्स करायला मला बोलावलं होतं. पंधरा दिवसांचं शिबिर, माणशी साडेसहा हजार फी, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र धरून. बरोबर दुकानातला मदतनीस होता. वय सतरा, बारावीचा निकाल यायचा होता. आयुष्यात नाटक पाहिलेलं नाही. एका तालमीत त्याने सगळे क्यू, म्हणजे कुठला लाइट कधी लावायचा-उतरवायचा ते, पाठ केले. प्रयोगात एक मुलगी वाक्य विसरली आणि रंगमंचावर तशीच उभी राहिली. मी विंगेत होतो, लाइट कमी-जास्त करायचा डिमर याच्या हातात. त्याने तिच्यावरचा लाइट हळूहळू उतरवला, पाठीमागचा निळा ठेवला, पोरगी अंधाराच्या आडोशाने निघून गेली. प्रेक्षकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

परत येताना गाडीवर मागे बसून त्याने विचारलं, “मालक, ह्या शिबिरात यायचं तर किती घेत्यात?” मी सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाला, “आणि त्या पंधरा दिवसांचा माझा रोज?”

मी त्याला दिवसाला चारशे देतो. म्हणजे साडेसहा हजार फी, वर बुडालेला रोज सहा हजार. शिबिर त्याला साडेबारा हजारांना पडलं असतं. आयोजक भले असतात. गरजू मुलांना फी माफ करू, असं ते मनापासून म्हणतात. पण फी माफ झाली तरी सहा हजारांचा खड्डा उरतोच, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. सुट्टी हा ज्यांच्या घरी कमाईचा हंगाम असतो त्यांना ‘मोफत’ हा शब्दही महाग पडतो. मे महिन्यात आमच्याकडची पंधरा ते वीस वयाची पोरं कुठे असतात ते पाहा. लग्नात वाढपी म्हणून, मंडपवाल्याच्या टेम्पोवर, कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती घासायला, चपलांच्या कारखान्यात. मुली घरी नाहीतर शिवणक्लासला. शिबिरात दिसतात ती उरलेली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण त्यातून रंगभूमीला सगळ्या गावाची पोरं मिळत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पंधरा ते बावीस वयाच्या मुलामुलींसाठी उन्हाळ्यात सहा आठवड्यांचं नाट्यप्रशिक्षण व्हावं आणि त्यात शिकणाऱ्याला पैसे मिळावेत. नाव मानधन ठेवा, विद्यावेतन ठेवा. मी आपला रोजच म्हणेन.

हे ऐकून कपाळावर आठ्या पडतील. हौसेला मोल लावायचं का? पण ज्यांच्या नावाने आपलं नाट्यगृह आहे ते केशवराव भोसले हौसेने नाटकात गेले नव्हते. घरच्या गरिबीपायी अगदी लहान वयात ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. तिथेच पोटाला मिळालं, तिथेच गाणं मिळालं. पुढे ‘संगीत शारदा’ नाटकातली त्यांची शारदा गाजली आणि 1908 मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी स्वतःची ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्या काळी कंपनी पोराला जेवू घालायची, अंगावर कपडे द्यायची आणि शिकवायची. ते दिवस गोड होते असं मी म्हणत नाही. पोरांच्या शाळा सुटल्या, मुलींना तर रंगमंचावर जागाच नव्हती. पण शिकण्यासाठी पोरानेच कंपनीला पैसे मोजायचे, ही रीत तेव्हा नव्हती.

आणि आजही ती सगळीकडे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. आपल्या राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. वयाची अट 18 ते 35. कामावर राहून शिकणाऱ्याला पैसे द्यायचे हे तत्त्व सरकारने मानलं आहे. मग लेथवर शिकतो तो प्रशिक्षणार्थी आणि डिमरवर शिकतो तो हौशी, असं का? नाट्यगृहात दोरी ओढणारा, नेपथ्याचे फ्लॅट ठोकणारा, इस्त्री करणारा, रंगभूषेची पेटी सांभाळणारा, साऊंडवाला हे सगळे कामगारच आहेत. प्रयोग झाला की नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, घेतात आणि घरी जातात.

उलट तंत्राच्या बाजूला माणसं मिळत नाहीत ही आमची रोजची बोंब आहे. स्पर्धेच्या दिवशी चार तासांत सेट लावायचा, लाइट्स फोकस करायचे आणि तिसरी घंटा द्यायची, तेव्हा हाताशी कोण असतं? कलाकारांचे मित्र. त्यांना पार आणि स्पॉट या दोन दिव्यांतला फरक ठाऊक नसतो. कटवडा मात्र वेळेवर आठवतो. म्हणून या प्रशिक्षणात निम्मी मुलं अभिनयाची आणि निम्मी नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषेची असावीत. दोन्हीकडच्यांनी पहिले दोन आठवडे एकत्र काढावेत. नटाला आपण कुठल्या लाइटमध्ये उभे आहोत हे कळलं तरी आमचं अर्धं काम होतं. अठराच्या आतल्यांना शिडीवर चढवायचं नाही, थ्री-फेजच्या पॅनेलला हात लावू द्यायचा नाही, रात्री आठच्या पुढे थांबवायचं नाही. हे नियम पहिल्या दिवशी पालकांसमोर वाचून दाखवावेत.

पैशांचं गणित मी दुकानाच्या वहीत मांडून पाहिलं. वीस मुलं, रोज तीनशे रुपये, आठवड्याचे सहा दिवस धरून छत्तीस दिवस. होतात दोन लाख सोळा हजार. प्रशिक्षकांचं मानधन, चहा-नाश्ता आणि साहित्य वेगळं. शहरात एका संध्याकाळच्या सत्कार सोहळ्याच्या मंडपावर आणि कमानींवर काय उडतं हे मंडपवाले मला सांगत असतात, आकडा छापण्याजोगा नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार, साखर कारखाने आणि महापालिका यांनी मनावर घेतलं तर ही रक्कम मोठी नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीला खासबाग मैदान दिलं आणि त्याच्या शेजारी 1915 मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं, त्या गावात राजाश्रय या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगायला नको.

पैसे मिळणार म्हटल्यावर पोरं पैशांसाठीच येतील, असंही एकाने मला ऐकवलं. येऊ देत की. निदान तालमीला वेळेवर येतील. गैरहजेरीला रोज कापता येतो, हौसेला काय कापणार? मुलींच्या बाबतीत तर हा पैसा आणखी एक काम करेल. “नाटकात जाऊन तुला काय मिळणार?” या घरच्या प्रश्नाला आज तिच्याकडे उत्तर नसतं. आठवड्याला अठराशे, हे उत्तर आईला पटतं, आणि आईला पटलं की वडिलांचं आई पाहून घेते.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह जळताना आम्ही बरेच जण रस्त्यावर उभे होतो. तेव्हापासून छत, खुर्च्या, ध्वनियंत्रणा, वातानुकूलन यांवर पुष्कळ बोललं गेलं. ते हवंच. पण नव्या रंगमंचावर नवे दिवे कोण चालवणार याची चर्चा मी तरी कुठल्या बैठकीत ऐकली नाही. नव्या नाट्यगृहाच्या वार्षिक खर्चात या सहा आठवड्यांच्या रोजासाठी वेगळी तरतूद असावी, ही महापालिकेला या पत्राद्वारे विनंती.

प्रकाशयोजनेची बाजू मी शिकवीन. फुकट शिकवीन असं लिहून टाकणार होतो, पण मग वर लिहिलेलं सगळंच खोटं ठरलं असतं. तेव्हा मला माझी नाईट द्यावी, पोराला त्याचा रोज द्यावा.

आपला,
एक प्रकाशयोजनाकार,
राजारामपुरी, कोल्हापूर