माध्यम : इतर

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला तरुण चित्रकारांवरचा लेख वाचला. ‘हल्लीच्या मुलांना ब्रश धरायचा कंटाळा, म्हणून ती व्हिडिओकडे वळतात’ हे त्यातलं वाक्य माझ्या वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ते सगळंच मोठ्याने वाचतात. तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमाग चालवलेत, कान गेलेत.

मी कोल्हापुरात जी. डी. आर्ट केलं. पंचगंगेचा घाट जलरंगात इतक्यांदा रंगवलाय की डोळे मिटून पायऱ्या मोजेन. हात वाईट नव्हता. वडिलांचं चित्र काढायला बसले की मात्र अडायचं. चेहरा जमायचा, वडील यायचे नाहीत. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे कारखान्यात सगळं खुणांवर चालतं. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ ओठांशी नेली की चहा. करंगळीचा अर्थ सगळीकडे असतो तोच. वडिलांनी ही भाषा घरीही आणली. आई स्वयंपाकघरात असली तरी हाक मारत नाहीत, दारात उभे राहून हात हलवतात.

शेवटी मोबाइल स्टँडला लावला आणि त्यांचे नुसते हात टिपले, कोपरापासून खाली. आवाज वेगळा घेतला. आधी चार माग, मग तीन, मग दोन, मग लाइट गेल्यावरची शांतता. आमच्या गल्लीत माग थांबले की झोपलेली तान्ही मुलं दचकून उठायची, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पडदा म्हणून वडिलांनीच विणलेलं कोरं कापड टांगलं. उजेड विणीतून पलीकडे झिरपतो आणि हात दोन्ही बाजूंनी दिसतात.

एका प्रदर्शनाच्या अर्जात ‘माध्यम’ या रकान्यात मला बसायला जागा नव्हती, ‘इतर’वर खूण केली. फ्रेमचं मापही विचारलं होतं, तिथे कापडाचं लिहिलं. उद्घाटनाच्या भाषणांत व्यत्यय नको म्हणून कुणीतरी आवाज बंद केला, तो पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं. मी गावी होते. तिसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन गेले. ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “माग बंद आहेत, मग हा खुणा कशाला करतोय?”

इतकं नेमकं परीक्षण माझ्या कामाचं अजून कुणी केलेलं नाही.

ब्रश सोडून पळालेल्यांची यादी करायचीच, तर आमच्याकडे ती बाबूराव पेंटरांपासून करावी लागेल. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना आणि त्यांचे जोडीदार आनंदराव पेंटर यांना हलत्या चित्रांचा नाद लागला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी त्यांचे सहकारी दामले यांच्या मदतीने कॅमेरा कोल्हापुरातच बनवला. पुढे सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही स्वतःच रंगवली. त्यांना कुणी आळशी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

लेखात मुंबईचा उल्लेख आहे म्हणून आणखी एक. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी चित्रकार आणि सिनेमावाल्यांसाठी एक कार्यशाळा उभी केली. तिथे १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता. चित्रकार नलिनी मलानी तेव्हा तेवीस वर्षांच्या, नुकत्याच जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या. त्यांचे पहिले प्रयोगपट तिथे झाले. कुणीतरी कॅमेरा हातात ठेवला, म्हणून झाले.

मला प्रोजेक्टर लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून मिळाला, दिवसाला आठशे रुपये भाड्याने, तोही मुहूर्त नसतील तेव्हाच. तुळशीच्या लग्नानंतर आमची कला बंद! जिल्ह्याच्या ठिकाणच्या कलादालनांत एक अंधारी खोली, एक प्रोजेक्टर आणि दोन बरे स्पीकर असावेत, एवढीच माझी मागणी आहे. ती आपल्या पानावर छापली तर बरं होईल.

पुढचं काम अर्धं झालंय. गल्लीतले जुने माग किलोच्या भावाने भंगारात चाललेत. त्यांच्या जागी बिनधोट्याचे, म्हणजे शटललेस, माग येताहेत, त्यांचा आवाज निराळा. आमच्या बोळात आता जुने सहाच उरलेत.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी