उत्तीर्णाची रेघ आधी आखायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला लकव्यावरील उपचारांच्या चाचण्यांचा लेख दोनदा वाचला. ‘निकालाची आकडेमोड हा तज्ज्ञांचा आपसातला प्रश्न आहे, सामान्य वाचकाने त्यात शिरण्याचे कारण नाही’ हे त्यातले वाक्य मला अजिबात मान्य नाही. माझे यजमान अशाच एका चाचणीत होते. त्या आकड्यांत आमचे घर आहे.

लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. यजमानांची उजवी बाजू गेली तेव्हा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात सही घेऊन त्यांना चाचणीत दाखल केले. तीन महिन्यांनी फोन आला. “काका आधाराशिवाय चालतात का?” मी सांगितले, खोलीतल्या खोलीत चालतात, पण गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत मी धरून नेते. तिथे दोन पायऱ्या आहेत आणि फरशी कायम ओली असते. पलीकडची मुलगी म्हणाली, “काकू, हो की नाही तेवढंच सांगा ना.” मी ‘नाही’ म्हटले. लकव्यानंतर माणूस किती परावलंबी राहिला ते मोजणाऱ्या रँकिन श्रेणीत त्यांच्या नावापुढे ३ पडले की ४, हे मला आजतागायत कळलेले नाही. तेवढ्याच ताकदीचा माणूस घरातच संडास असलेल्या ब्लॉकमध्ये राहत असता तर त्याच्या बायकोने ‘हो’ म्हटले असते.

या श्रेणीत ० म्हणजे कसलाच त्रास नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि ६ म्हणजे मृत्यू. बऱ्याच चाचण्यांत ० ते २ ‘चांगले’ आणि ३ पासून पुढचे सगळे एकाच गाठोड्यात. यजमान रुग्णालयात कूसही बदलू शकत नव्हते. आज ते उठून बसतात, डाव्या हाताने जेवतात, नातवाला गोष्ट सांगतात. गाठोड्यात मात्र ते होते तिथेच. मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. बारा गुणांवरून तेहतीसवर आलेला मुलगाही प्रगतिपुस्तकात नापासच दिसायचा, पण त्याने काय केले आहे ते मला माहीत असायचे.

म्हणून उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर रेघ खाली ओढा, असे मी मुळीच म्हणत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईकास २’ चाचणीत ८०० रुग्ण होते. ‘०-१ म्हणजे चांगले’ असे आधी ठरले होते. त्या रेघेवर गुठळी विरघळवणारे औषध दिलेल्यांपैकी ४०.३ टक्के आणि न दिलेल्यांपैकी ३६.६ टक्के रुग्ण ‘चांगले’ ठरले, म्हणजे ठोस फरक सिद्ध झाला नाही. मग ०-२ची रेघ धरून पाहिले तर ५४.३ आणि ४६ टक्के आले आणि फरक दिसला. पण ही रेघ मागाहून आखलेली. तिच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? उलट २०१३च्या ‘इंटरअ‍ॅक्ट २’ या रक्तदाब झपाट्याने उतरवण्याच्या चाचणीत मेंदूतल्या रक्तस्रावाचे २८३९ रुग्ण होते. पास-नापासच्या मुख्य मोजणीत निकाल थोडक्यात हुकला. श्रेणीतली प्रत्येक पायरी धरणाऱ्या मोजणीत फायदा दिसला आणि ती मोजणी आधीच लिहून ठेवलेली होती. हा फरक तुमच्या लेखकाला तज्ज्ञांचा आपसातला प्रश्न वाटतो?

आपल्या देशातले उदाहरण तर लेखात नावालाही नाही. ‘अटेंड’ चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत झाली, १२५० रुग्ण. घरच्यांना व्यायाम शिकवून रुग्ण सुधारतो का, हा प्रश्न. मोजणीचा आराखडा निकाल उघडण्याआधी पक्का केलेला होता. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या गटात ६०७ पैकी २८५ जण दगावलेले किंवा परावलंबी, नेहमीच्या उपचारांच्या गटात ६०५ पैकी २८७. म्हणजे फरक नाहीच. मी रोज पहाटे पाच वाजता उठून यजमानांचा हात वर-खाली करत आले आहे. हे वाचून मला रडू आले. तरी मी तो निकाल मानते, कारण रेघ आधी आखली होती.

यजमानांच्या शेजारच्या खाटेवरचे काका महिनाभरात चिपळूणला गावी गेले आणि त्यांचा फोन बंद झाला. ते कुठल्या रकान्यात गेले? गावी गेलेल्यांना सोडून द्यायचे की त्यांच्यासाठी काही अंदाज धरायचा, फोनवर गुण देणाऱ्याला कोणाला कोणता उपचार मिळाला ते माहीत असायचे का, हे सगळे पहिला निकाल पाहण्याआधी कागदावर हवे. आणि तो कागद लिहिताना संडास गॅलरीत असलेल्या एखाद्या घराला तरी विचारा. २००९ पासून आपल्याकडे चाचणीची नोंदणी सक्तीची आहे. बातमी देताना, तिथे मुख्य मोजमाप कोणते नोंदवले होते, एवढी एक ओळ तुम्ही नक्की छापू शकता.

आणखी एक. लेखासोबत छातीवर हात दाबून धरलेल्या माणसाचे चित्र आहे. लकवा मेंदूत होतो, हृदयात नाही. त्या रात्री यजमानांचे तोंड वाकडे झाले आणि जीभ जड झाली, तरी चाळीतल्या सगळ्यांना हार्ट अटॅकच वाटला. कोणी छाती चोळली, कोणी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायला नेले. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा सहा तास झाले होते. ते चित्र कृपया पुन्हा छापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग, मुंबई