सफारीतला हॉर्न कशासाठी असतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की तुमच्या पेपरात कुठे फिरायला जायचं त्याची पानं येतात आणि त्यात प्राण्यांच्या सफारी असतातच, म्हणून हे पत्र. मी डोंबिवलीची, लेक इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असते. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा जावईबापूंनी एका रविवारी सगळ्यांना गाडीत घालून लाँगलीटला नेलं, म्हणजे आपलीच गाडी घेऊन वाघसिंहांमधून जायचं असं ते पार्क. १९६६ ला सुरू झालं, आफ्रिकेच्या बाहेरचं असं पहिलंच. सर्कसवाले जिमी चिपरफील्ड आणि तिथल्या हवेलीचे मालक लॉर्ड बाथ यांनी काढलं तेव्हा लोकांनी खूप विरोध केला होता, सिंह सुटले तर काय म्हणून.

कापडी टपाच्या गाडीला आत सोडत नाहीत. माकडांच्या भागाआधी सांगतात की गाडीची काळजी असेल तर बाजूच्या रस्त्याने जा, जावईबापू सरळच गेले आणि एक माकड बॉनेटवर बसून वायपरचं रबर ओढत बसलं, नात इतकी हसली की विचारू नका. पण खरं सांगायचंय ते सिंहांच्या भागाचं. रस्त्याच्या अगदी कडेला एक सिंह आडवा पसरलेला, पुढे पाच-सहा गाड्या, मागे तेवढ्याच, सगळ्यांच्या काचा वरपर्यंत बंद. तो काही उठला नाही. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास आरामच करतो, उठणार कशाला? पण त्या रांगेत एकानेही हॉर्न वाजवला नाही. नात म्हणाली, आजी, इथे हॉर्न फक्त गाडी बंद पडली तर वाजवायचा, मग रेंजर येतात, आपण खाली उतरायचंच नाही. सात वर्षांची पोर!

आणि आता आपल्याकडचं सांगते. दिवाळीनंतर भाच्याच्या मुलांना घेऊन एका सफारीला गेले, कुठल्या ते लिहीत नाही कारण बोलायचंय ते आपल्या लोकांबद्दल. जाळीची बस, वाघ सावलीत बसलेला, आणि बसमधले शिट्ट्या मारतायत, ए उठ उठ म्हणून ओरडतायत, एक गृहस्थ जाळीवर अंगठी आपटत होते, कोणीतरी ड्रायव्हरला सांगतंय भाऊ हॉर्न मार ना जरा, आणि जाळीच्या भोकातून मोबाईल बाहेर. त्या अंगठीवाल्यांच्या बायकोने मुलाला पण उचलून जाळीला टेकवलं. मी बोलले तर मलाच म्हणाले, आजी पैसे भरलेत. मला फार वाईट वाटलं हो. त्या वाघाने मान सुद्धा वळवली नाही, नुसते कान मागे केले.

गंमत नाहीये ही. २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सिंहांच्या पार्कमध्ये एका पर्यटक बाईचा जीव गेला, गाडीची काच उघडी होती. २०१६ च्या जुलैत बीजिंगजवळ बादालिंगच्या पार्कमध्ये एक बाई वाघांच्या भागात गाडीतून खाली उतरली, वाघाने तिला ओढलं, ती वाचली पण तिला सोडवायला धावलेली तिची आई गेली. त्या आईचं मला अजून डोक्यातून जात नाही, कारण मी पण उतरलेच असते.

आपल्याकडे बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली सफारीची बस आहे, २६ जानेवारी २०२१ पासून नागपूरला गोरेवाडा पण आहे, पुढे अजून होतील आणि व्हावीतच, माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाघ बघायला दुसरी सोय नाही. फक्त बस सुटायच्या आधी दोन मिनिटं कोणीतरी उभं राहून मराठीत नीट सांगावं की हात, मोबाईल आत ठेवा, ओरडू नका, आणि ऐकलं नाही तर बस मागे फिरवावी, सगळ्यांसकट. माझी पण फेरी बुडाली तरी चालेल. आणि तुम्ही त्या पानावर तिकिटाचे दर आणि वेळा छापता, त्याच्या खाली एवढ्या दोन ओळी यंदाच्या मे महिन्यापासून छापाल का?

आपली नियमित वाचक,
डोंबिवली