चागोसच्या माणसांचा कौल घ्या

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

सप्टेंबर २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, ब्रिटनने मॉरिशसपासून तोडलेल्या हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या प्रश्नाची सुनावणी झाली. भारत मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला, याचा मला अभिमान आहे. त्याच सुनावणीत लिझबी एलिझे नावाच्या एका बाईंची साक्ष झाली. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्यांचे बोलणे चित्रित करून न्यायाधीशांना दाखवले गेले. चागोसपैकी पेरोस बान्योस बेटावर त्यांचा जन्म झाला. १९७३ मध्ये बेटावरच्या उरल्यासुरल्या माणसांना ‘नॉर्डव्हेर’ जहाजात कोंबले, तेव्हा त्या चार महिन्यांच्या गरोदर होत्या. जनावरांसारखे नेले, लोक जहाजात दुःखाने मरत होते, असे त्यांनी सांगितले. त्यांचे मूलही वाचले नाही.

या दुःखाला चागोसच्या क्रेओल भाषेत ‘साग्रें’ म्हणतात. आपल्याकडे ‘हाय खाल्ली’ म्हणतात, तेच. हे पत्र त्या माणसांसाठी आहे.

मालदीवच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर ही साठेक बेटे आहेत. मी रत्नागिरीचा. माड, खोबरे, सुकवण्याचे वाडे आणि घाणा यांवर अख्खे गाव कसे जगते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. चागोस असेच जगत होते, इतके की त्यांना ‘तेलबेटे’ म्हणत. मोझांबिक आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. काहींचे पूर्वज भारतातून गेलेले मजूर होते.

मॉरिशसला स्वातंत्र्य मिळायला अडीच वर्षेही उरली नसताना, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. मोबदला ३० लाख पौंड. पुढच्याच वर्षी त्यांतले सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी देण्याचा करार झाला. अडचण एकच होती, तिथे माणसे होती. संयुक्त राष्ट्रांना उत्तर द्यावे लागू नये म्हणून कागदोपत्री त्यांना कंत्राटी मजूर ठरवले गेले. ज्यांच्या आजीपणजीच्या कबरी त्या वाळूत होत्या, ते सरकारी टिपणात बाहेरून कामाला आलेले झाले. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीच्या वेळी सांगितले की आता बोट नाही. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची पाळीव कुत्री खोबरे सुकवण्याच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. मालकांना ते पाहत राहावे लागले. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसे अशी उठवली गेली आणि मॉरिशस व सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवली गेली.

पुढचे आपण जाणताच. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही आणि ब्रिटनने लवकरात लवकर कारभार सोडावा. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. त्या ११६ मध्ये भारत होता. जुलै २०२४ मध्ये आपण स्वतः पोर्ट लुईसला हा पाठिंबा पुन्हा बोलून दाखवलात. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनकडे भाडेपट्ट्याने, इतर बेटांवर मॉरिशसला पुनर्वसनाची मोकळीक. भारताने त्याचे स्वागत केले.

पण या वाटाघाटींच्या टेबलावर चागोसच्या माणसांना खुर्ची नव्हती. १९६५ मध्येही नव्हती. करार पूर्ण अमलात येवो किंवा रखडो, ही गोष्ट बदलत नाही. पुनर्वसन करण्याची मॉरिशसला मोकळीक आहे, बंधन नाही. आणि दिएगो गार्सियावर जन्मलेल्यांना आपल्या बेटावर राहायला जाण्याची वाट करारात नाहीच. न्यायालयाने तर परत वसण्याचा प्रश्न मानवी हक्कांचा मानून वसाहतमुक्ती पूर्ण करतानाच आमसभेने तो हाताळावा, असे म्हटले होते. ते काम झालेले नाही.

महोदय, आपल्या देशाला हे कसे करावे ते माहीत आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्यानंतर १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना विचारले गेले की महाराष्ट्रात यायचे की वेगळे राहायचे. गोवा भारताचा आहे का, हा प्रश्न नव्हताच. तो मिटला होता. प्रश्न होता, तुम्हाला कसे नांदायचे आहे? सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. इकडे कितीतरी मराठी माणसांना तो निकाल फार लागला, पण मानला सगळ्यांनी. कोकणात देवाचा कौल लावतात तेव्हा उजवा येईल की डावा हे आधी ठरवून ठेवत नाहीत. जनमताचा कौलही तसाच घ्यायचा असतो.

चागोसवासीयांत एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. काहींना मॉरिशसचा झेंडा आपला वाटतो. इंग्लंडमधल्या क्रॉली गावात राहणाऱ्या कित्येकांना वाटत नाही, आणि मॉरिशसमध्ये त्यांनी भोगलेली हेटाळणी हे त्याचे एक कारण आहे. मॉरिशसचा मित्र म्हणून हेही आपणच त्यांना सांगू शकतो. तिथे आपली माणसे आहेत. रत्नागिरीच्याच गावांतून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांची नातवंडे-पतवंडे तिथे आजही मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ती माणसे परक्या भूमीत रुजली. चागोसच्या लोकांना तर त्यांच्याच भूमीतून उपटले.

माझी मागणी अशी. भारत मॉरिशसला चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राच्या विकासासाठी आणि देखरेखीसाठी मदत देणार आहे. ब्रिटनने २०१० मध्ये असेच क्षेत्र जाहीर केले, तेव्हा मासे आणि प्रवाळ राखण्याच्या नावाखाली माणसांचा परतीचा रस्ता अडवला गेला, अशी चागोसवासीयांची तक्रार होती. आपली मदत त्याच कामी येऊ नये. ती देताना पोर्ट लुईसशी लेखी ठरवून घ्या की पेरोस बान्योस आणि सालोमन या चागोसच्या बेटांवर परत जाऊ इच्छिणाऱ्यांना राहण्याचा आणि मासेमारीचा हक्क राहील. मॉरिशस, सेशेल्स आणि ब्रिटनमध्ये विखुरलेल्या चागोसवासीयांचे मत गुप्त मतदानाने घ्यावे, असा प्रस्ताव आमसभेत भारताने मांडावा. दिएगो गार्सियावरच्या कबरींपर्यंत जायला दरवर्षी बोट सुटावी, यासाठी वॉशिंग्टन आणि लंडनशी बोला. पाण्याच्या टाक्या, धक्का, छोटा दवाखाना, ही कामे आपले अभियंते लक्षद्वीपसारख्या बेटांवर करत आलेच आहेत.

लिझबीबाईंचा जन्म १९५३ चा. चालत बोटीवर चढता येईल अशा वयाची माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आपला विश्वासू,
रत्नागिरीचा एक नागरिक