मायरीनरची माळ

होबार्ट, टास्मानिया
२८ मे

प्रिय सुमा,

काकूंना जाऊन तीन महिने झाले, आणि माझ्याकडून तुला धड एक पत्र गेलं नाही. फोनवर दोघींनाही रडू येतं, बोलायचं राहून जातं. मागच्या वेळी तू विचारलंस, "तिकडचे मूळ रहिवासी शंखशिंपल्यांनी मन बरं करतात म्हणे, खरं का गं?" तेव्हा मला उत्तर जमलं नाही. आज सावकाश लिहिते.

इथल्या संग्रहालयात मायरीनरच्या माळा आहेत. मायरीनर म्हणजे करंगळीच्या नखाएवढा शंख. काचेसमोर उभी राहिले तर हिरवा दिसला, जरा गुडघे वाकवले तर निळा, आणि कडेला मोराच्या पिसासारखी जांभळट झाक. असे शेकडो शंख, सगळे एका मापाचे, एकाच बाजूला तोंड करून ओवलेले. मी बराच वेळ तिथेच थांबले.

मग ट्रुगनिनीचा फोटो आठवला, ती टास्मानियाच्या मूळ रहिवाशांतली एक बाई. तिच्या गळ्यात अशीच माळ आहे. १८३३ पासून इंग्रजांनी इथल्या उरल्यासुरल्या मूळ रहिवाशांना फ्लिंडर्स बेटावर वायबलेना नावाच्या वस्तीत नेऊन ठेवलं. तिथं माणसं आजारानं, झुरून मेली. १८४७ मध्ये परत आणलं तेव्हा ४७ जण उरले होते. ट्रुगनिनी त्यांतली एक. १८७६ मध्ये ती गेली, आणि तिच्याबरोबर तिची जमातच संपली असं पुढे कित्येक वर्षं पुस्तकांतून छापत राहिले. आपल्या देहाची विटंबना होईल अशी तिला धास्ती होती, आणि झालंही तसंच. १९४७ पर्यंत तिचा सांगाडा संग्रहालयात लोकांना बघायला मांडलेला होता. मी माळा पाहिल्या, त्याच संग्रहालयात. त्याबद्दल संग्रहालयानं जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. सांगाड्याचं दहन मात्र १९७६ मध्येच झालं, आणि तिची राख तिच्या लोकांनी तिच्याच समुद्रात सोडली. तिची म्हणून जपलेली एक माळ इंग्लंडात एक्झिटरला होती, तीही १९९७ मध्ये घरी आली.

जमात संपली नव्हतीच. बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर त्या जमातीच्या बायका होत्या, त्यांच्या लेकी होत्या, आणि त्या माळा ओवतच होत्या. भाषा हिरावली, मुलं काढून नेली, तरी हे थांबलं नाही. आज माळा ओवणाऱ्या लोला ग्रीनो यांचा जन्म १९४६ चा, केप बॅरन बेटावरचा. त्या आईकडून शिकल्या. आता नव्या मुलींना हे मुद्दाम शिकवतात, कारण काही घरांतून मध्ये ते सुटलं होतं.

काम कष्टाचं आहे. मायरीनर समुद्रातल्या शेवाळाला चिकटून राहतो. वाळूवर पडलेला फिका होतो, म्हणून जिवंतच वेचावा लागतो. त्यासाठी मोठी सुकती लागते, आणि इथलं पाणी हाडं गोठवणारं असतं. आपण तिसऱ्यांना जायचो तसं परकर खोचून चालत नाही! पूर्वी शंख धुरावर धरून, गवतात घासून वरचा थर काढायच्या, कांगारूच्या दातानं भोक पाडायच्या. बारक्या पांढऱ्या शंखांना त्या राइस म्हणतात, तांदूळच गं. मापाचे शंख जमेपर्यंत महिने जातात, कधी वर्षंही. आता समुद्र तापतोय, शेवाळाची जंगलं विरळ होताहेत, तसे शंखही मिळेनासे झालेत. माळ टिकायची तर आधी ते पाणी टिकायला हवं, या विचारानं मला खरंच भीती वाटते.

तर तुझा प्रश्न. शंखात औषध आहे असं मला वाटत नाही. आजी, मावश्या, नाती एकत्र किनाऱ्यावर जातात, कोणत्या खडकाजवळ काय मिळतं ते पोरींना दाखवतात, मग तासन्‌तास बसून ओवतात. ओवताना गेलेल्यांची नावं निघतात. बरं होणं म्हणतात ते मला तिथं दिसतं. त्यांचं दुःख आणि आपलं एका मापाचं नाही, हे मला कळतं. तरी तुला हे सांगावंसं वाटलं.

येताना एक शंख आण म्हणाली होतीस. मायरीनर नाही आणणार, तो त्यांचा आहे. फोटो पाठवते.

आणि काकूंची अर्धी राहिलेली गोधडी तू माळ्यावर टाकलीस म्हणालीस. ती खाली काढून उन्हात घाल. पावसाळ्यात वास धरेल. डिसेंबरात मी महिनाभर येतेय. त्या कसा टाका घालायच्या ते मला नीट आठवत नाही, तुला आठवतं. जाड सुई माझ्याकडे आहे.

तुझीच,
मंदा