एकांकिकेची तालीम आणि बॅकस्टेजच्या पोरांसाठी

सगळ्यांना नमस्कार, युवक महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम रविवारी सकाळी 9 ला कॉलेजच्या हॉलमध्ये, उशीर करू नका, वॉचमनकाका 1 ला कुलूप लावतात.

नावं फक्त अ‍ॅक्टिंगलाच येऊ लागलीत, लाइट, नेपथ्य, म्युझिक, मेकअपला कुणीच नाही. कामून? उद्या काम मिळायचं तर हे सगळं येणारा माणूस आधी लागतो, आणि लाइटचा डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) हातात धरून शिकायची संधी कॉलेजात फुकट मिळतेय, बाहेर कोण देणार तुम्हाला.

आणि घरी "नाटकानं पोट भरतं का" म्हणले तर वामन केंद्रे सरांचं सांगा. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला माणूस, नाटक औरंगाबादला विद्यापीठात शिकले, मग दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) आणि 2013 मध्ये त्याच एनएसडीचे डायरेक्टर झाले. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी हे पण औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाटकाच्या ग्रुपातले, तिथं ग्रुपनं नाटकं करत करत मुंबईला गेले. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण सुरुवात कुठून होते ते बघा.

एनएसडीचा फॉर्म भरायचाय त्यांनी लक्षात ठेवा, तिथं डिग्रीसोबत नाटकात काम केल्याचा अनुभव पण विचारतात, म्हणून प्रत्येक प्रयोगाचं सर्टिफिकेट, ब्रोशर, फोटो जपून ठेवा, मोबाईलमध्ये नुसते ठेवू नका, मोबाईल हरवतो.

बॅकस्टेजची नावं शुक्रवारपर्यंत इथंच टाका. हिंदी-मराठी दोन्ही वाचता येणारा एक प्रॉम्प्टर (विसरलेला संवाद विंगेतून सांगणारा) पण पाहिजे.